दवाखान्यापुढची बारा झाडं

टिमोथियस कागद घेऊन आला तेव्हा मी पालथ्या बादलीवर बसून गुडघे चोळत होते. त्यानं कागद पुढे केला, मी घेतला नाही. नगरपालिकेच्या नर्सरीत एकोणतीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं की कागद घेऊन आलेला माणूस चांगलं काही सांगणार नसतो.

"रिका मावशी, नव्या दवाखान्यापुढे बाग करायची आहे," तो म्हणाला.

"पाणी कुठलं?"

"तेच सांगायला आलोय. नळ नाही. आठवड्याला एक पिंप मिळेल."

"म्हणजे दोनशे लिटर."

"दोनशे लिटर."

"त्यात एका घराची आंघोळ होते, बाबा. बाग होत नाही."

तो खाली बघायला लागला. टिमोथियस क्लूटे आता गावातल्या सगळ्या बागांचा आणि रस्त्यांचा साहेब आहे, राजधानीत, विंडहुकला शिकून आलाय, बूट चकचकीत असतात. पण त्याची आई आणि मी चर्चमध्ये शेजारी उभ्या राहून गायचो, त्यामुळे मला तो शेंबडा असल्यापासून ठाऊक आहे. वाईट बातमी सांगायची असली की हा जमिनीकडे बघतो. मी म्हटलं, बोल एकदाचं.

मग त्यानं सांगितलं. कुणी एक कंत्राटदार प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा घेऊन आला होता. नगरपालिकेच्या सभेत सगळ्यांनी त्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ते फार आवडलं. पाणी लागत नाही, मरत नाही. टिमोथियसनं म्हणे बरीच हुज्जत घातली आणि एक उन्हाळा मागून घेतला. ऑक्टोबरमध्ये बारा झाडं लावायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी तो स्वतः येऊन मोजणार. सात झाडांवर हिरवं पान दिसलं तर बाग राहील आणि नर्सरीही राहील. नाहीतर प्लॅस्टिक, आणि मग नर्सरी तरी कशाला ठेवायची?

"आणि माझी खोली?" मी विचारलं. नर्सरीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. नवरा तिथेच वारला, मीही तिथेच मरेन असं धरून चालले होते.

"खोली नर्सरीच्याच कागदावर आहे, मावशी."

मी चिडले नाही. चिडायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. मी फक्त एवढंच म्हटलं, "ऑक्टोबरमध्ये झाड लावतात का रे? एप्रिलमध्ये लावलं तर जून-जुलैच्या थंडीत मुळं धरतात. ऑक्टोबर म्हणजे तोंडावर उन्हाळा."

"उद्घाटन ऑक्टोबरमध्ये आहे."

"झालं तर मग," मी म्हटलं आणि उठले. गुडघे कुरकुरले, ते त्यालाही ऐकू गेलं असणार.

या गावात मी जितकी झाडं लावली त्याहून जास्त उपटून टाकलीत. एका महापौरांना गुलाब हवे होते. दुसऱ्यांनी समुद्राकाठच्या शहरात ताडाची रांग बघितली आणि मुख्य रस्त्याला तीच लावायला लावली. तिसऱ्यांना हिरवळ हवी होती, म्हणजे गवत. प्रत्येक वेळी मी सांगितलं, प्रत्येक वेळी ऐकून घेतलं आणि प्रत्येक वेळी वाळलेली झाडं ढकलगाडीत घालून मीच नेली. निवड करायची मोकळीक मला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती अशी मिळाली.

माझी निवडायची रीत अगदी साधी आहे. झाडाला तीन आठवडे पाणी द्यायचं नाही. कुंपणाच्या कडेला, जिथे दुपारी कुत्रंही बसत नाही, तिथे ठेवून द्यायचं. रोज फक्त बघायचं. काही झाडं दुसऱ्याच दिवशी मान टाकतात, ती परत सावलीत. काही आठवडाभर तोऱ्यात राहतात आणि मग एकदम पानं गाळतात, तीही परत. जी रुसतात पण टिकून राहतात ती माझी. या रीतीनं मी बारा काढली. दोन कोकरबूम, ज्यांच्या फांद्या पोखरून आमचे जुने लोक बाणांचे भाते करायचे. तीन कोरफडी. दोन बाभळी. एक मेंढपाळाचं झाड, पांढऱ्या खोडाचं. तीन स्पेकबूम, बोटाएवढ्या जाड फांद्यांची आणि आंबट पानांची झुडपं, जी शेळ्याही खातात आणि माणसंही. आणि एक कारी, सावलीसाठी. दवाखान्यापुढे लोक दर सोमवारी आणि गुरुवारी पहाटेपासून उन्हात रांग लावतात. त्यांना दहा वर्षांनी का होईना, टेकायला सावली असावी असं मला वाटलं.

निवड चालू असताना सिस्टर हेल्वी बघायला आली. ती दवाखान्याची मुख्य नर्स. मूळची उत्तरेची, जिथे पाऊस पडतो आणि बाजरी पिकते.

"यात फुलांचं एकही झाड नाही, मावशी? आजारी माणसाला गुलाब दिसला की बरं वाटतं."

"आणि मेलेला गुलाब दिसला की?"

"तुम्ही फार कडू बोलता."

"एकोणतीस वर्षं कोरफडीच्या संगतीत आहे, बाई."

ती हसली. मलाही थोडं हसू आलं.

प्रत्येक झाडाच्या उत्तरेच्या अंगाला मी पांढऱ्या रंगाचा ठिपका देते. आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या बाजूनं चालतो, आणि झाडाचं जे अंग ऊन खात वाढलंय तेच पुन्हा उन्हाकडे यायला हवं. उलटं लावलं तर कोवळं अंग भाजतं आणि झाड आतून जातं. तर बाराही झाडं ठिपका उत्तरेला धरून लावली. प्रत्येकाभोवती वाफा केला, वाफ्यात वाळू. उद्घाटनाला आलेल्या एका सभासदानं मला विचारलं, "बाग कुठंय?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तिच्यातच उभे आहात." ते पटकन बाजूला झाले, आणि कोरफडीवर पडता पडता वाचले.

आता माझी चूक सांगते. कारीचं रोप मधोमध होतं, फाटकातून दारापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या अगदी कडेला. उरलेल्या अकरा झाडांपेक्षा ते नाजूक. माती गार राहावी आणि गाढवांनी तुडवू नये म्हणून मी त्याच्याभोवती दगड रचले. चांगले गुडघाभर रचले. दगडाखाली ओल टिकते, रात्रीचा गारवाही टिकतो, हे कुणालाही सांगता येईल. पण मी इसाकची पोर, नामा जमातीची बाई, माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं की वाटेच्या कडेला दगडांचा ढीग रचायचा म्हणजे आमच्यात काय होतं.

आमच्या मुलखात वाटेवर जागोजाग असे ढीग आहेत. ती हैत्सी-एबिबची थडगी, आमच्या जुन्या कथांमधल्या वीराची. तो पुष्कळदा मेला आणि पुष्कळदा उठला, म्हणून त्याची थडगीही पुष्कळ. जाणाऱ्यानं एक दगड किंवा हिरवी फांदी ठेवायची आणि जे हवं ते मागायचं. लहानपणी बाबांबरोबर शेळ्यांमागे जाताना आम्ही प्रत्येक ढिगापाशी थांबायचो. बाबा म्हणायचे, दगड ठेव, आणि नीट ने, नीट आण म्हण. पुढे चर्चमध्ये हे सगळं वेडगळ आहे असं सांगायचे. आम्ही मान डोलवायचो, आणि घरी जाताना दगड ठेवायचो.

पहिल्या सोमवारी मला दगड जास्त वाटले. म्हटलं, मीच रचले असतील, आठवत नसेल. गुरुवारी ढीग मांडीइतका झाला होता आणि त्यात हिरव्या फांद्या खोचलेल्या होत्या. फांद्या कुठून आल्या ते बघायला मी वळले. फाटकाजवळच्या स्पेकबूमचा शेंडा मोडलेला होता.

बाराशे पावलांवर नदीचं कोरडं पात्र आहे, तिथे झुडपं आहेत. पण आजारी माणूस कशाला एवढं चालेल? फाटकातून आत आलं की हाताशी हिरवी, रसरशीत फांदी, बोटांनी मोडली की मोडते. माझीच झाडं, मीच हाताशी आणून ठेवलेली.

डिसेंबर आला आणि मग एकेकाचे दिवस भरायला लागले. मेंढपाळाचं झाड आधी गेलं. त्याला हलवलेलं सोसत नाही, हे मला माहीत होतं, तरी हाव धरली. मग कुणीतरी फाटक उघडं टाकलं आणि गाढवानं एक बाभूळ बुंध्यापर्यंत खाल्ली. मग एका कोकरबूमचं खोड मऊ पडलं. मी बोट दाबलं तर बोट आत गेलं. पाणी जास्त झाल्याशिवाय कोकरबूम असं करत नाही. मी हेल्वीला गाठलं.

"याला पाणी कोण घालतं?"

तिचा चेहराच सगळं सांगत होता. "फरशी पुसून उरलेलं असतं ना, मावशी. वाया कशाला घालवायचं? बिचारं रोज इतकं तहानलेलं दिसतं."

"साबणाचं पाणी?"

"थोडासा साबण."

"तुमच्या उत्तरेत झाडं तहानलेली दिसतात तेव्हा तहानलेली असतात. इथं ती तशीच दिसतात, बाई. तो त्यांचा चेहरा आहे."

ती खरंच वरमली. रागावून काय करणार? प्रेमानं मारलं होतं तिनं. तरी त्या दिवशी घरी जाऊन मी चहासुद्धा केला नाही, तशीच पडून राहिले.

नऊ उरली होती, पण तीन स्पेकबूम रोज खुडली जात होती. ती गेली तर सहा. मी गेरूनं पाटी लिहून लावली: फांद्या मोडू नयेत. ज्यांना वाचता येत नव्हतं ते मोडत होते, आणि ज्यांना येत होतं ते वाचून मोडत होते.

शेवटी एका गुरुवारी सकाळी सहाला मी फाटकाच्या आत जाऊन उभी राहिले. रांग लागलेलीच होती. गाढवगाडीतून एक म्हातारी उतरली. आठ किलोमीटरवरच्या शेळ्यांच्या वस्तीवरून येते, नाव कात्रिना बोइस, वय तिला स्वतःलाही नक्की माहीत नाही. डोक्याला फडकं, अंगावर ठिगळांचा झगा, पण ठिगळं इतकी नीट लावलेली की झगा तसाच शिवलाय असं वाटावं. ती थेट स्पेकबूमपाशी आली आणि तिनं कट्कन फांदी मोडली.

"आजी," मी म्हटलं, "तुम्हीच का त्या?"

"कोण त्या?"

"ढीग सुरू करणाऱ्या."

"मी कशाला सुरू करू? तूच बांधलास ना." ती ढिगापाशी गेली, दोन दगड बाजूला सारून फांदी आत खोचली, वर दगड ठेवला आणि ओठ हलवले. मग माझ्याकडे वळली. "छान जागा निवडलीस. आधीच्या दवाखान्याला असं काही नव्हतं."

"मी झाडाला दगड लावले. ते थडगं नाही."

"तुला विचारून मरणार आहे का तो?"

रांगेतली माणसं हसली. मी म्हटलं, "आजी, आत झाड आहे, कारीचं. आणि तुम्ही मोडता तीही झाडं आहेत. फेब्रुवारीत मोजणी आहे. सात जिवंत नसली तर माझी नर्सरी बंद होईल आणि माझं घर जाईल. कळतंय का? माझं राहतं घर."

तिच्या एका डोळ्यात पडदा होता. "माझी एल्सी आत आहे," ती म्हणाली. "मागच्या खोलीत. फुप्फुसं गेलीत. चाळीस वर्षांची आहे. घरापेक्षा ती मोठी की लहान, तूच सांग."

"नदीतून फांदी आणत जा," एवढंच म्हटलं, आणि माझं मलाच ते ऐकवेना.

"मग तूही एक दगड ठेव ना," ती म्हणाली. "घर माग. त्याच्यासाठी काय अवघड आहे?"

"मला वेळ नाही," मी म्हटलं आणि निघून आले. त्यानंतर मी ढिगाकडे बघितलंच नाही. पाणी घालायला जायची तेव्हा कारीचा शेंडा दगडांच्या वर दिसतो का तेवढं बघायची, आणि तो दिसायचा. बाकी ढिगावर माझा राग होता. दगडांवर कसला राग धरायचा, पण धरला होता.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात हेल्वीनं सांगितलं की एल्सी बोइस गेली. शनिवारी पुरलं. मी जायला हवं होतं. दफनाला गाडी जाणार होती, हेल्वी गेली, टिमोथियसची आईसुद्धा गेली. मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे म्हातारीला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा रांगेत होती, गुरुवारीही. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येत असेल, असं मी मनात म्हटलं. लांबून पाहिलं तर स्पेकबूमपाशी वाकून ती फांदी मोडत होती. मुलगी गेली तरी हिची खोड जात नाही, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो आला म्हणून वाईट वाटलं, आणि तरीही तो गेला नाही.

फेब्रुवारी या वर्षी एका थेंबाशिवाय गेला. दुसरी बाभूळ वाळली. दोन स्पेकबूमचे नुसते खुंट राहिले, कुरतडल्यासारखे. तिसऱ्यावर एका बाजूला मूठभर पानं होती. शेवटच्या रविवारी मी मनाशीच मोजलं. कारी एक, कोकरबूम एक, कोरफडी तीन, ते मूठभर स्पेकबूम. सहा. चर्चमधून आल्यावर पुन्हा जाऊन मोजलं, तरी सहाच. मग मी खोलीत आले आणि भांडी खोक्यात भरायला लागले. फार भांडी नाहीत. एका खोक्यात मावली.

सोमवारी आठ वाजता टिमोथियस कागद घेऊन आला. त्याचे बूट आज चकचकीत नव्हते, ते मला जरा बरं वाटलं. तो एकेका झाडापाशी जायचा, वाकायचा, पान बघायचा, कागदावर खूण करायचा. मी त्याच्या मागे मागे. रांगेतली माणसंही बघत होती. बघायला त्यांना दुसरं होतं काय?

"सहा," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"खुंटांवर एखादं पान?"

"बघितलं मी. नाही."

"मावशी, मी एक जास्त लिहिलं असतं. पण उद्या सभासद स्वतः बघायला येणार आहेत."

"लिहू नकोस," मी म्हटलं. "तुझी नोकरी कशाला घालवतोस?"

तेवढ्यात कट् असा आवाज झाला. कात्रिना आजी फाटकाशी उभी होती, हातात दगड, आणि त्या शेवटच्या स्पेकबूमची मूठभर पानांची फांदी तिनं मोडून घेतली होती. सहाची पाच झाली होती.

मग मात्र माझा तोल गेला. मी तिच्या तोंडावर म्हटलं, "आजी, एल्सी गेली ना? आता कुणासाठी मागताय?"

टिमोथियसनं माझा दंड धरला. मी बोलून बसले होते, परत घ्यायची सोय नव्हती. माझ्याच जिभेची मला किळस आली.

म्हातारी चिडली नाही. तिनं डोक्यावरचं फडकं सारखं केलं. "तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तिचं झालं तेव्हापासून तुझ्यासाठीच ठेवतेय. तुला वेळ नाही म्हणालीस. घर जाईल म्हणालीस. म्हटलं, कुणीतरी मागायला हवं."

ती माझ्या बाजूनं ढिगाकडे गेली आणि दगड बाजूला करायला लागली. दगड तिला उचलवेना. टिमोथियस पुढे झाला, "आजी, द्या इकडे," म्हणत त्यानं दोन दगड उचलले, आणि तसाच वाकलेला राहिला.

"मावशी," तो म्हणाला. "इकडे या."

"काय आहे?"

"या तर."

मी गेले. दगडांच्या सांदीत फांद्या खोचलेल्या होत्या, जुन्या, नव्या. बऱ्याच वाळून कोळ झाल्या होत्या. पण खालच्या वाळल्या नव्हत्या. टिमोथियसनं एक ओढली, ती आली नाही. मी गुडघे टेकले, दुखले तर दुखले, आणि बोटांनी वाळू सारली. पांढरी, केसासारखी मुळं. वाळूत ओल होती.

"ओल कुठून आली?" मी विचारलं.

"गोळ्यांचं पाणी," रांगेतला एक माणूस म्हणाला. "सिस्टर पेल्यातून देते ना गोळी गिळायला. शेवटचा घोट आम्ही यालाच देतो."

स्पेकबूमची फांदी कुठेही खोचली तर धरते, हे या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेकडो कलमं केलीत मी, सावलीत, भिजवलेल्या वाळूत, मोजून मापून. दगडाखाली गारवा असतो हेही मला ठाऊक होतं. म्हणून तर मीच दगड लावले होते. फक्त रागापायी दोन महिने तिकडे बघितलं नव्हतं.

टिमोथियस मोजत होता. दगड उचलायचा, पान बघायचा, दगड अलगद परत ठेवायचा. मी मोजलं नाही. मला ते आकडे नको होते. तो सतरावर थांबला.

"यादीत ही नाहीत," मी म्हटलं.

"यादीत स्पेकबूम आहे. कुठल्या जागी ते मी लिहिलेलं नाही." मग तो जरा अडखळला. "लावणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना आहे. आधी तुमचं लिहिलं होतं."

"खोड ते. कात्रिना बोइस लिही."

"मी कुठे लावलं?" म्हातारी म्हणाली. "मी नुसतं मोडलं." आणि हातातली शेवटची फांदी तिनं मला दिली, तूच खोच म्हणून. मी खोचली. आमच्या रीतीनं काही मागायला हवं होतं. मला काही सुचेना, आणि ज्याच्यासाठी मागायचं ते तर मिळून गेलं होतं. मी एल्सीचं नाव घेतलं, मोठ्यानं नाही. एकदा गेल्यावर त्याचा उपयोग काय ते मला माहीत नाही.

दार उघडून हेल्वी यादी वाचायला आली. म्हातारी रांगेकडे गेली नाही, गाढवगाडीकडे वळली. मी हेल्वीला म्हटलं, "आधी आजींना घे, त्यांना आठ किलोमीटर परत जायचंय."

हेल्वीनं यादी वरून खाली बघितली. "आज यांचा नंबर नाही, मावशी. यांच्या गोळ्या महिन्यातून एकदाच असतात, पहिल्या सोमवारी."

मी फाटकाकडे बघितलं. म्हातारी गाढवाचा पट्टा सारखा करत होती. जानेवारीच्या मधल्या आठवड्यापासून आजपर्यंत, दर सोमवारी, दर गुरुवारी. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजायला गेले आणि मध्येच सोडून दिलं.

"आजी," मी हाक मारली, "थांबा जरा. चहा टाकते."

"साखर चार चमचे," ती म्हणाली. "आणि तुला वेळ आहे ना?"

मी म्हटलं, आहे. मग खोलीवर गेले, आणि खोक्यातून किटली बाहेर काढली.